नोएडाची सहल आणि ७५ ची पाटी

नाताळच्या सुट्टीत नाशिकहून स्वतःच्या गाडीने नोएडाला जायचं ठरलं, तेव्हा घरात प्रत्येकाला वेगळीच काळजी होती. सासूबाईंना थंडीची, नवऱ्याला कंबरेची, लेकीला वाटेत मोबाइलला रेंज मिळेल की नाही याची. माझे सासरे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ते मात्र शांत होते. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर असलेला माणूस. कसारा घाटातल्या पावसात आणि धुक्यात त्यांनी आयुष्य काढलं. विनाअपघात सेवेचा बिल्ला आजही देवघराशेजारच्या कपाटात ठेवलेला आहे. निघताना गाडीची चावी माझ्या हातात देत ते एवढंच म्हणाले, ‘‘गाडी माझ्या नावावर आहे, सूनबाई. आणि तिकडे धुकं असतं.’’

गाडीला ओरखडाही न येता आम्ही परत आलो. पण सोबत एक चलानही आणलं. तेही माझ्या हातून झालेलं आणि नानांच्या नावावर आलेलं. परक्या गावी गाडी नेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगी पडावं म्हणून ही सहल आणि हे चलान, दोन्ही सांगते.

आग्रा रोड थेट आग्र्यापर्यंत

नाशिककरांसाठी ‘आग्रा रोड’ म्हणजे भाजी आणायला जायचा रस्ता. तोच रस्ता धरून खरोखर आग्र्यापर्यंत जायची मजा वेगळीच. धुळे ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो. पहिला मुक्काम होळकरांच्या इंदुरात, दुसरा शिंद्यांच्या ग्वाल्हेरात. दोन्हीकडे जुन्या वाड्यांवर आणि आडनावांवर मराठी खुणा दिसत राहतात, त्यामुळे आपण फार लांब आलोय असं वाटतच नाही.

आग्र्याहून यमुना एक्सप्रेसवे सुरू होतो. १६५ किलोमीटरचा हा सिमेंटचा रस्ता २०१२ मध्ये खुला झाला. तो ग्रेटर नोएडात परी चौकाशी येऊन संपतो आणि तिथून पुढे सुमारे २५ किलोमीटरचा नोएडा-ग्रेटर नोएडा एक्सप्रेसवे लागतो. माझी नणंद सेक्टर १३७ मध्ये राहते. तिच्या गॅलरीतून हाच रस्ता दिसतो. रात्री त्यावरचे दिवे बघत बसायचं हा आमच्या लेकीचा आवडता उद्योग झाला होता. त्याच रस्त्यावर पुढे आमचा फोटो निघणार होता!

नोएडा हे गावाचं नाव नाही

नोएडा हे मुळात ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांचं रूप आहे. १७ एप्रिल १९७६ रोजी हे प्राधिकरण स्थापन झालं आणि दिल्लीच्या पूर्वेला, यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या मधल्या सपाट जमिनीवर शहर उभं राहिलं. त्यामुळे इथे पेठा नाहीत, आळ्या नाहीत. आहेत ते सेक्टर. पत्ता विचारला की लोक आकडे सांगतात. पहिले दोन दिवस आपण गणिताच्या वहीत फिरतोय असं वाटतं. मग सेक्टर १८ चा बाजार, अट्टा मार्केटची गर्दी, हातगाडीवरचं भाजलेलं रताळ्याचं चाट आणि पाकीटबंद गजक ओळखीचं होतं आणि आकड्यांना चेहरे येतात.

मराठी माणसाने इथे मुद्दाम लक्षात ठेवावं असं नाव म्हणजे शिल्पकार राम सुतार. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी १९२५ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि पुढे नोएडात त्यांनी आपला स्टुडिओ थाटला. गुजरातमधला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा ही त्यांचीच निर्मिती. येताना आम्ही धुळ्यावरून आलो होतो, त्यामुळे हे कळल्यावर लेकीने सगळा प्रवास नकाशावर पुन्हा एकदा बोटाने करून पाहिला.

अकरा वाजता, लख्ख उन्हात

दुसऱ्या दिवशी सकाळी शहर बघायला निघालो. नणंद पुढे बसली, नवरा आणि लेक मागे, गाडी मी चालवत होते. पहाटे गॅलरीतून समोरची इमारतही दिसत नव्हती, पण अकरा वाजेपर्यंत धुकं विरून छान ऊन पडलं होतं. रस्ता रुंद, सरळ, खड्डा औषधालाही नाही. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगमर्यादेची सवय झालेला माझा पाय आपोआप दाबला गेला. गप्पा चालू होत्या. बाजूने दोन गाड्या माझ्याहून जोरात गेल्या. आपण काही वेगात आहोत असं जाणवलंच नाही.

दिवस मात्र फार सुंदर गेला. आधी ओखला पक्षी अभयारण्य पाहिलं. यमुनेवरच्या बंधाऱ्यामुळे साठलेल्या पाण्याभोवतीचं हे अभयारण्य १९९० मध्ये जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे थापट्या, चक्रवाक अशी पाहुणी बदकं उतरतात. आमच्या नांदूर मध्यमेश्वरला दिसणारी मंडळी इथे, उंच इमारतींच्या पार्श्वभूमीवर पाहताना गंमत वाटली.

तिथून राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ जवळच आहे. गुलाबी दगडातले हत्ती, प्रशस्त आवार आणि बाबासाहेबांचा पुतळा. हे स्मारक १४ ऑक्टोबर २०११ रोजी खुलं झालं. १९५६ मध्ये याच तारखेला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली होती. दीक्षाभूमी पाहिलेल्या मराठी माणसाला ही तारीख कुणी समजावून सांगावी लागत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेक पर्यटकांना माहीतच नसते. सेक्टर ३८ मधल्या गोल्फ कोर्सच्या आवारात एक जुना दगडी स्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी याच परिसरात जनरल लेकच्या इंग्रज फौजेने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. पटपडगंजची लढाई म्हणतात ती हीच. आम्ही बाहेरूनच गेलो, पण त्या रस्त्यावर गाडी आपसूक हळू झाली.

नानांचा फोन

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खालचा. ‘‘सूनबाई, मला एक मेसेज आलाय. गाडीचं चलान म्हणे. मी काही उघडलेलं नाही. आपल्या शेजाऱ्यांचे पैसे असेच गेले होते.’’

नानांनी मेसेज उघडला नाही, हे फार बरं केलं. ई-चलानच्या नावाने खोटे मेसेज सध्या सर्रास येतात. कधी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या संकेतस्थळाची लिंक असते, तर कधी व्हॉट्सअॅपवर ‘चलान बघा’ म्हणून एपीके फाइल येते. ती फाइल फोनमध्ये बसली की ओटीपीसकट सगळं चोराच्या हातात जातं. म्हणून नियम साधा ठेवावा. मेसेजमधली लिंक दाबायचीच नाही. आपण स्वतः ब्राउझरमध्ये परिवहन खात्याचं ई-चलान पोर्टल उघडायचं आणि पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघायचं. तिथे चलान क्रमांक टाकून, किंवा गाडीचा नंबर आणि चासी अथवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे देऊन, आपल्या नावावर काय आहे ते कळतं. तिथे काहीच नसेल तर घाबरून पैसे भरू नयेत. चुकून पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

इथे महाराष्ट्राच्या गाड्यांची एक हमखास फसगत होते. आपल्या राज्याचं ई-चलान पोर्टल आणि अॅप वेगळं आहे. तिथे बघून ‘काही बाकी नाही’ म्हणून आपण निर्धास्त होतो. उत्तर प्रदेशातलं चलान मात्र केंद्राच्या परिवहन पोर्टलवर दिसतं. बाहेरच्या राज्यातून आल्यावर दोन्हीकडे पाहावं.

आम्ही पाहिलं. चलान खरं होतं. फोटोत नानांची गाडी, नंबरप्लेट स्पष्ट. तारीख आदल्या दिवशीची, वेळ अकरा वाजून काही मिनिटं. वेग ९३. मर्यादा ७५. दंड दोन हजार रुपये.

‘‘धुकं कुठे होतं?’’

माझा पहिला उद्गार हाच होता. एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा असते, मी तर ९३ वर होते! मग नणंद म्हणाली, ‘‘अगं, डिसेंबर आहे ना. हिवाळ्यात ७५ करतात.’’

इथली पद्धत अशी आहे. दरवर्षी १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी हे दोन महिने यमुना एक्सप्रेसवे आणि नोएडा-ग्रेटर नोएडा एक्सप्रेसवेवर वेगमर्यादा कमी केली जाते. कारसाठी १०० ची ७५ होते. ट्रक-बससाठीही ती घटते. त्या दिवशी धुकं आहे की ऊन, सकाळ आहे की दुपार, याचा काही संबंध नाही. दोन महिने म्हणजे दोन महिने.

नवऱ्याचं मत होतं की लढावं. ‘‘लख्ख ऊन होतं. पाटीही दिसली नाही. परक्या गावच्या माणसाला कसं कळणार?’’ नणंदेचं मत, भरून टाका आणि विषय संपवा. मला दोन हजारांपेक्षा नानांची चिंता. ज्या माणसाने ३१ वर्षं गाडीला आणि नावाला डाग लागू दिला नाही, त्याच्या नावावर पहिलं चलान माझ्यामुळे आलं होतं.

लढायचं की भरायचं, हे रागात ठरवू नये. कायदा काय म्हणतो ते आधी बघावं. कॅमेऱ्याने दिलेल्या चलानाचे नियम २०२१ मध्ये स्पष्ट झाले आहेत. गुन्हा दाखवणारा आणि नंबरप्लेट दिसणारा फोटो हवा, यंत्राने मोजलेला वेग हवा, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र असावं लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक असावा लागतो. नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवावी लागते. फोटोतली गाडी आपली नसेल, नंबर चुकीचा वाचला गेला असेल, आपण त्या दिवशी त्या शहरातच नसू, तर पोर्टलवर तक्रार करावी आणि पुरावा जोडावा. टोलची किंवा फास्टॅगची नोंद अशा वेळी कामाला येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्याच रस्त्याने गेलो. ७५ ची पाटी होती. चांगली मोठी होती. मीच पाहिली नव्हती.

नानांचा हिशोब

रात्री धीर करून नानांना फोन लावला. ‘‘नाना, चलान खरंय. मीच चालवत होते. माफ करा.’’

ते दंडाबद्दल काहीच बोलले नाहीत. ‘‘किती होता वेग?’’

‘‘९३. पण नाना, धुकं नव्हतं हो. ऊन होतं.’’

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘कसाऱ्यात मी नवीन होतो तेव्हा एकदा असंच म्हणालो होतो. वर ऊन आहे म्हणून. तिसऱ्या वळणावर ढग रस्त्यात उतरून बसलेला. जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, बाकी सगळं नशीब. आणि पाय रोज रोज नवीन शिकत नाही. त्याला एकच सवय लावावी लागते. म्हणून दोन महिन्यांची पाटी.’’

फोन ठेवल्यावर मी कागद घेऊन बसले. ताशी १०० वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते, ७५ ने सुमारे २१. धुक्यात समोरचं ५० मीटर दिसत असेल, तर १०० च्या वेगाला ते अंतर दोन सेकंदांच्या आत संपतं. त्यात डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद उडतो. ७५ च्या वेगात धडकेचा जोर १०० च्या तुलनेत जवळजवळ अर्ध्यावर येतो. आणि वाचतं काय? २५ किलोमीटरचा तो रस्ता १०० ने १५ मिनिटांत होतो, ७५ ने २० मिनिटांत. पाच मिनिटं. तेवढा वेळ आम्ही त्या दिवशी पक्ष्यांच्या अभयारण्याबाहेर मोज्याच्या दुकानात घालवला होता.

नद्यांच्या काठच्या या सपाट जमिनीत ओल भरपूर. हिवाळ्यात वारा पडलेला, आकाश निरभ्र, रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि तिच्यालगतच्या हवेतली वाफ गोठल्यासारखी तरंगत राहते. त्यात शहराची धूळ आणि धूर मिसळतो. हे धुकं सगळीकडे सारखं नसतं. दहा मिनिटं लख्ख रस्ता आणि मग अचानक पांढरी भिंत. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यातल्या ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता. त्या आकड्यापुढे माझं ‘ऊन होतं’ फारच केविलवाणं वाटलं.

दंड आम्ही पोर्टलवर भरला, माझ्या खात्यातून. पावती नानांना पाठवली.

चलान टाळलं तर?

‘आपण कुठे पुन्हा नोएडाला जाणार!’ असं म्हणून बरेच जण चलान तसंच सोडून देतात. ते महागात पडतं. न भरलेलं चलान न्यायालयाकडे जातं. आता त्यासाठी व्हर्च्युअल कोर्ट आहेत, म्हणजे गुन्हा मान्य असेल तर घरबसल्या दंड भरता येतो. महाराष्ट्रातलं असं पहिलं कोर्ट २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला सुरू झालं. मान्य नसेल तर मात्र प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं आणि नोएडाच्या बाबतीत ते सूरजपूरला, म्हणजे नाशिकहून बाराशे किलोमीटरवर. राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीने निकाली काढण्याचीही सोय असते, पण त्यासाठीही तारखेकडे लक्ष ठेवावं लागतं. थकलेलं चलान गाडी विकताना आणि नावावर करताना आड येतं ते वेगळंच.

कारसाठी अतिवेगाचा दंड कायद्याने एक ते दोन हजार रुपये आहे. पुन्हा पुन्हा तीच चूक झाली तर परवाना जप्त होऊ शकतो. आणि गाडी कोण चालवत होतं, हे विचारल्यास सांगणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणून सासऱ्यांची, दिराची, मैत्रिणीची गाडी घेऊन जात असाल तर चलान आलं की ‘मी नव्हतेच’ म्हणू नका. नाव त्यांचं असतं, पाय आपला असतो.

निघण्याआधी एवढं करा

• गाडीच्या नोंदणीत मालकाचा सध्याचा मोबाइल नंबर आहे का ते तपासा. जुना नंबर असेल तर चलान आल्याचं कळणारच नाही.

• परवाना, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवा. ही डिजिटल कागदपत्रं देशभर चालतात.

• ज्या रस्त्याने जाणार त्याची त्या ऋतूतली वेगमर्यादा आधी पाहा. आपल्याकडेही मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला १०० आणि घाटात ६० आहेच की.

• हिवाळ्यात दिल्ली परिसरात हवा बिघडली की जुन्या बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल गाड्यांवर बंदी येऊ शकते. गौतम बुद्ध नगर, म्हणजे नोएडाचा जिल्हा, त्यात येतो. निघण्याच्या दिवशी बातम्या बघाच.

• धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्परचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

• पुढच्या सीटवर बसणाऱ्याला एक काम द्या. पाट्या वाचायच्या आणि मोठ्याने सांगायच्या.

परतताना

परतीच्या दिवशी आम्ही मुद्दाम उशिरा, साडेनऊला निघालो. पुन्हा मीच चालवत होते. एक्सप्रेसवेवर ऊन होतं. तरी काटा ७० वर. मागून हॉर्न वाजत होते, गाड्या सटासट पुढे जात होत्या. लेक पुढे बसून पाट्या वाचत होती.

यमुना एक्सप्रेसवेला लागून अर्धा तास झाला असेल. शेतांवरून एक पांढरा पट्टा रस्त्यावर आला आणि समोरचा ट्रक दिसेनासा झाला. फक्त त्याचे दोन लाल दिवे. मी वेग आणखी कमी केला, चाळीसवर आणला. गाडीत कुणी बोललं नाही. दोन-तीन मिनिटांत पुन्हा ऊन. मागे वळून पाहिलं तर तो पट्टा शेतात शांत पडून होता, जणू काही झालंच नाही.

घरी पोचलो तेव्हा नानांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली. टायर पाहिले, बंपरवर हात फिरवला. मग चहा घेताना म्हणाले, ‘‘ती पावती छापून दे मला.’’ मी दिली. त्यांनी ती गाडीच्या फायलीत पीयूसीच्या मागे नीट लावली आणि वर पेनाने लिहिलं, ‘भरले’.